फॅमिली ग्रुप: चेंबर्स स्ट्रीटची बिडाची इमारत

मिहिर: (फोटो) नंदूकाका, हा खास तुमच्यासाठी. कशाची इमारत आहे, ओळखा.

नंदूकाका: दगडी. इटलीतल्या हवेल्यांच्या धाटणीची. चिरे चांगले घडवलेत.

मिहिर: बीड आहे काका, ओतीव लोखंड. पुढचं सगळं बीड. लोहचुंबक लावून बघितलं, चिकटलं.

नंदूकाका: काय सांगतोस! दगडांच्या सांध्याच्या खाचा सरळ दिसतायत की.

मिहिर: खाचा साच्यातच घेतल्यात. त्या काळी वरून वाळू मिसळलेला रंगही मारायचे, म्हणजे हाताला पण दगडच लागावा. केरी बिल्डिंग म्हणतात हिला. मॅनहॅटनला चेंबर्स स्ट्रीटवर आहे, 1856-57 मधली. केरी, हॉवर्ड अँड सँगर नावाचे कापडाचे घाऊक व्यापारी होते, त्यांची ही पेढी. किंग आणि केलम हे वास्तुविशारद, ओतकाम डॅनियल बॅजरच्या कारखान्याचं. मागच्या रीड स्ट्रीटला पण असाच दर्शनी भाग आहे. ऑफिसातला एक जण वर राहतो, काल त्याच्याकडे जेवायला गेलो होतो.

शुभाआत्या: पेढीत राहतो??

आई: लिफ्ट आहे का?

नंदूकाका: थांबा जरा, आधी काम समजू दे. आमच्या शिरोलीच्या फाउंड्रीत हेच केलं आयुष्यभर, फक्त आम्ही मशिनचे बेड ओतले, यांनी वाडे ओतले. लाकडी पॅटर्न एकदा केला की वाळूत दाबून हवे तेवढे खांब काढा, सगळे एकसारखे. पाथरवटाला एकेक नक्षी कोरत बसावी लागते, इथं खिडकी बोल्टने जोडत वर चढायचं. आणि बीड दाब सोसायला भक्कम, म्हणून खांब बारीक ठेवता येतात आणि दोन खांबांमध्ये मोठी काच बसते. ताणाला मात्र कच्चं. मिहिर, आतला सांगाडा पण बिडाचा आहे का?

मिहिर: नाही, बाजूच्या भिंती विटांच्या. उघड्यावरच आहेत ना! पूर्वी पूर्वेला इमारती चिकटून होत्या. 1920 च्या दशकात भुयारी रेल्वेसाठी चर्च स्ट्रीट रुंद केला, त्या पाडल्या, आणि ही जवळपास 200 फूट लांब साधी विटांची भिंत रस्त्यावर आली. पुढून राजवाडा, बाजूने गोदाम. मला ती बाजूच जास्त आवडली.

शुभाआत्या: म्हणजे काळा घोड्याच्या वॉटसन हॉटेलसारखीच की. एस्प्लनेड मॅन्शन. ती पण लोखंडी.

नंदूकाका: शुभा, सारखी नाही. वॉटसनचा सगळा सांगाडाच ओतीव लोखंडाचा, सुटे भाग इंग्लंडहून जहाजाने आणून 1860 च्या दशकात इथं जोडले. न्यूयॉर्कची फक्त दर्शनी बाजू लोखंडी.

शुभाआत्या: पण गोष्ट तीच ना? तिथंही हॉटेल बंद पडल्यावर खोल्यांना पार्टिशन घालून माणसं आणि वकिलांची ऑफिसं शिरली. 1896 मध्ये ल्युमिएर बंधूंचा सिनेमा जिथे दाखवला, तिथे नंतर मालक म्हणे भाडं पुरत नाही आणि भाडेकरू म्हणे दुरुस्ती नाही. 2005 मध्ये एक भाग कोसळलाच.

मिहिर: हो आत्या, सुरुवात तीच, शेवट वेगळा. इथे कापडाचा धंदा शहराच्या उत्तरेकडे सरकला, मग या भागातली गोदामं रिकामी पडली. उंच छत, मोठ्या खिडक्या, कमी भाडं, म्हणून चित्रकार येऊन राहिले, बहुतेक बेकायदा. उत्तरेला सोहो नावाचा असाच भाग आहे, तिथे तर शहरात रस्ते-पूल बांधणाऱ्या रॉबर्ट मोझेस या बड्या अधिकाऱ्याचा एक्स्प्रेसवे सगळं पाडून जाणार होता, तो 1969 मध्ये रद्द झाला. 1971 मध्ये तिथे चित्रकारांना राहायची परवानगी मिळाली, 1982 मध्ये लॉफ्ट (म्हणजे गोदामातली अशी घरं) कायदा आला, मग मालकांना ही घरं नियमात बसवणं भाग पडलं. केरीलाही त्याच वर्षी वारसा दर्जा मिळाला.

वहिनी: आणि चित्रकार आता कुठे राहतात?

मिहिर: 😅 तिथे नाही.

शुभाआत्या: बाल्कनीला ग्रिल लावता येते का?

मिहिर: दर्शनी खिडकी बदलायची तरी वारसा आयोगाची परवानगी काढावी लागते.

शुभाआत्या: मग आमच्या सेक्रेटरींना तिकडे पाठवा, रमतील.

नंदूकाका: आगीचं काय केलंय? बीड जळत नाही, पण तापलेल्या खांबावर बंबाचं पाणी पडलं की तडकतं. 1871 ला शिकागो आणि पुढच्या वर्षी बोस्टन जळालं, तेव्हाच या लोखंडी दर्शनी भागांवरचा लोकांचा विश्वास उडाला. अशा इमारतींचे मजले बहुधा लाकडी असतात. त्या पोराला स्प्रिंकलर बघायला सांग.

आई: लिफ्ट आहे का ते मी मगाशी विचारलं.

मिहिर: आहे गं आई. आणि तुला गंमत सांगतो, लिफ्ट बनवणाऱ्या ओटिसने माणसांसाठी पहिली लिफ्ट बसवली ती याच शहरात, 1857 मध्ये, हॉवाउट बिल्डिंगमध्ये. ती पण बिडाचीच, ओतकाम याच बॅजरचं.

नंदूकाका: पुढच्या वेळी खालच्या खांबाच्या पायाशी वाकून बघ. ओतणारे बऱ्याचदा तिथं नाव घालायचे. असलं तर फोटो टाक. बोल्टची डोकी कुठं लपवलीत तेही बघ, आणि फ्लॅश लावू नको, अक्षरं सपाट दिसतात.

आई: आणि वाकताना कोट सांभाळ, नवा आहे.