मदत हवी आहे: मुलांनी हाताने केलेलं वहीत कसं आणावं?

नमस्कार मंडळी. मला दोन मुलं. मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत. मुलगी साडेआठची, तिसरीत. संध्याकाळी तासभर दोघांना घेऊन बसते. शाळेचं पुन्हा घोटून घ्यायचं नसतं, गणित, भाषा, विज्ञान, परिसर असं जे सुचेल ते हाताने करून बघतो. मुलं मनापासून रमतात, बोलवावं लागत नाही. घोडं अडतंय ते त्याच्या पुढे.

मुलाचं आधी सांगते. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून बांधलेत. 'त्रेचाळीस दे' म्हटलं की चार गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या अगदी बरोबर मांडतो. आणि लगेच वहीत लिहितो ३४. का ते कळतंय मला. आपण आधी 'त्रे' म्हणतो, मग 'चाळीस', आणि तो ऐकलं तसं लिहीत जातो. एकोणपन्नासला तर त्याला पन्नासच ऐकू येतं, मग ५९ होतात. घरातले म्हणतात, पाढ्यांसारखं पाठ करून घे, सुटेल. पण काड्या न चुकता मांडणाऱ्या मुलाला नुसत्या घोकंपट्टीला बसवायचं माझ्या जिवावर येतं.

मुलीची अडचण वेगळी. आम्ही बर्फाचे दोन सारखे खडे घेतले. एक बशीत उघडा ठेवला, दुसरा लोकरी मोज्यात. आधी अंदाज विचारला. दोघंही ठाम होती की मोज्यातला आधी वितळणार, कारण लोकर गरम असते. उघड्या खड्याचं पाणी झालं तरी मोज्यातला बऱ्यापैकी शाबूत होता. मुलीने दुसरा, कोरडा मोजा गालाला लावून बघितला, आत हात घातला, परत काढला आणि म्हणाली, "हा गरम नाहीच आहे. मग पायात घातला की गरम का वाटतं?" इतका नेमका प्रश्न! लोकरीच्या धाग्यांत हवा अडकलेली असते, ती उष्णता सहजासहजी आरपार जाऊ देत नाही, मग बाहेरची आत येत नाही आणि पायाची बाहेर जात नाही, असं बोलत आम्ही कितीतरी वेळ बसलो होतो. मग तिला म्हटलं, आता हे लिहून काढ. वहीत उतरलं ते असं: "आम्ही प्रयोग केला. खूप मजा आली."

तर हातातून आणि तोंडातून जे इतकं छान येतं ते कागदावर कसं आणायचं? तयार वर्कशीट आणि अ‍ॅप सोडून सांगा, ते दोन्ही घरात आहे आणि उपयोग होत नाहीये. अनुभवी पालक आणि शिक्षकांनी कृपया सविस्तर लिहावं.

पाटीपेन्सिल:
मी प्राथमिकला शिकवते. आधी एक सांगते, ३४ ही आळसाची किंवा दुर्लक्षाची चूक नाही, काळजी करू नका. जर्मनमध्येही आपल्यासारखंच एकक आधी आणि दशक नंतर बोलतात, आणि तिथल्या मुलांकडूनही लिहिताना आकड्यांची अशीच अदलाबदल होते. चिनीत सरळ 'चार दहा तीन' म्हणतात, तिथे हा गुंता नाही.

तुमच्या काड्या आणि वही यांच्यामध्ये एक पायरी कमी आहे. जाड कागदाच्या पट्ट्या कापा. १०, २०, ३० ते ९० लांब पट्ट्यांवर, आणि १ ते ९ बरोबर निम्म्या लांबीच्या पट्ट्यांवर. चार गठ्ठ्यांखाली ४० ची पट्टी ठेवायची, तीन काड्यांखाली ३ ची. मग ३ उचलून ४० मधल्या शून्यावर ठेवायचा. ४३ दिसतात, आणि वर उचललं की खालचं शून्य अजून तिथेच असतं. हे मुलांना फार आवडतं, पुन्हा पुन्हा उचलून बघतात. काही दिवस लिहिण्याआधी पट्ट्या लावायच्याच. आणि म्हणतानाही जोडीने म्हणा, "चार दशक तीन, त्रेचाळीस." त्रेचाळीस सोडायचं नाही, फक्त त्याला सोबत द्यायची.

एकोणपन्नासला पाच गठ्ठे समोर ठेवून "यातली एकच काडी मला दे" म्हणा. गठ्ठा सोडल्याशिवाय देताच येत नाही. सोडला की चार गठ्ठे आणि नऊ सुट्या. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हाच न्याय, नव्याण्णव तेवढा वेगळा.

सापशिडी खेळत असाल तर एक छोटा बदल करा. सोंगटी २६ वर आहे आणि दान पडलं तीन, तर "एक, दोन, तीन" न म्हणता "सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस" म्हणत सरकायचं. रॉबर्ट सीगलर आणि गीता रमाणी यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, आकड्यांच्या सरळ पट्टीवर साधा खेळ थोडाच वेळ खेळलेल्या बालवाडीच्या वयाच्या मुलांची संख्यांची जाण सुधारली होती. रंगांच्या पट्टीवर खेळलेल्यांत तो फरक दिसला नाही. म्हणजे सोंगटीच्या घरातला आकडा मोठ्याने म्हणवून घेतला की काम होतं.

दौतटाक:
मुलीबद्दल. "लिहून काढ" ही सूचना त्या वयाला फार मोठी आहे. काय झालं ते आठवायचं, त्यातलं महत्त्वाचं निवडायचं, वाक्य करायचं, आणि वर ऱ्हस्व-दीर्घ सांभाळायचं. एवढं सगळं एकदम आलं की मूल सुटकेचं वाक्य लिहून मोकळं होतं.

मी लेकासाठी काम वाटून घेतलं. अंदाज आधीच लिहायचा, बर्फ बाहेर काढण्यापूर्वी, एका ओळीत. प्रयोग चालू असताना फक्त चित्र आणि बाण. आणि बोलणं रंगलं की मी लिहून घ्यायचं, त्याच्याच शब्दांत, काहीही सुधारणा न करता. नंतर त्याला ते मोठ्याने वाचायला द्यायचं. स्वतःचंच बोलणं असल्यामुळे तो अडखळत नसे, आणि वाचता वाचता "हे असं नको" म्हणून स्वतः खोडून बदलायला लागला. लिहिणं तिथून सुरू झालं.

तुमच्या लेकीचा मोज्याचा प्रश्न कोऱ्या पानावर सगळ्यात वर लिहून ठेवा. पुढचा प्रयोग त्यातूनच निघतो: दोन सारख्या पेल्यांत कोमट पाणी, एकाला तोच मोजा चढवायचा, दर दहा मिनिटांनी थर्मामीटर बुडवून आकडा लिहायचा. (ताप मोजायचा नको, त्याचा आकडा मधल्या मधे खाली येत नाही.) बर्फ थंड ठेवणारा मोजा पाणी गरम ठेवताना दिसला की तिच्याकडे लिहायला खरोखर काहीतरी असेल. आकड्यांचा तक्ता झाला की आलेख काढा, तिसरीच्या मुलीला जमतो.

अंगतपंगत:
वरचं सगळं पटलं, तरी एक मत मांडते. सगळंच वहीत यायला हवं का? पहिलीतल्या मुलाची बोटं लिहून लवकर दमतात. आठवड्यातून एखादाच उपक्रम कागदावर आणा, बाकीचे बोलण्यातच राहू देत. नाहीतर प्रत्येक खेळाच्या शेवटी वही येते हे मुलं ओळखतात आणि खेळायलाच कंटाळतात.

दोघांना एकत्र घ्यायचं तर खोलीचा नकाशा काढून बघा. धाकट्याने पावलाला पाऊल लावून लांबी मोजायची, थोरलीनेही. त्याची पावलं जास्त भरतात आणि वाद होतो. तो मिटवायची घाई करू नका, सगळ्यांचं माप एकच का लागतं ते त्या वादातच कळतं. मग टेपने मोजून चौकटीच्या कागदावर नकाशा. गणित, भूगोल आणि खुणांची नावं लिहिताना भाषा, तिन्ही होतं.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. पट्ट्या लगेच केल्या. मुलगा अजूनही कधी कधी ३ आधी लिहितो, पण ४ साठी डावीकडे जागा सोडून! हे चालू द्यावं का? आणि दुसरं, थोरली त्याच्या आधी उत्तर सांगून टाकते, मग तो गप्प होतो.

पाटीपेन्सिल:
जागा सोडतोय म्हणजे स्थान समजलंय. आता फक्त "आधी गठ्ठे लिही" एवढी आठवण पुरे, खोडायला लावू नका. थोरलीला मांडणी चुकवायचं काम द्या. ती मुद्दाम ४३ ला तीन गठ्ठे आणि चार काड्या ठेवेल, धाकट्याने चूक पकडून नीट करायची. तिला चूक शोभेल अशी निवडावी लागते, त्यामुळे तिचंही डोकं लागतं. शतकाच्या पट्ट्या मात्र एवढ्यात काढू नका. दहा गठ्ठे एकत्र बांधायला त्याने स्वतःहून मोठा रबर मागितला की काढा.