क्लीटवाले पेडल गावरस्त्यावर शिकायचे कसे? सल्ला हवा

खडू_आणि_चेन
नमस्कार मंडळी. देवळी तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. जाणं-येणं सायकलनेच, साधी हायब्रिड, चपटे पेडल. आता भाची शिकायला परदेशी गेली आणि तिची रोड बाइक माझ्याकडे आली. तिला शिमानो १०५ चे एसपीडी-एसएल, म्हणजे बूट अडकवायचे रोड बाइकचे पेडल आहेत, सोबत बूट, बुटांच्या तळाला लाल क्लीट (पेडलमध्ये अडकतो तो प्लास्टिकचा तुकडा). बूट मला नेमके बसले, त्यामुळे मोह आवरत नाही. हिवाळ्यात नागपूरहून सुटणारी २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, करायचा विचार आहे.

पण आमचा रस्ता म्हणजे शेळ्या, बंड्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. सध्या तर सोयाबीन निघालंय, अर्धा रस्ता वाळवणाखाली आणि कडेने दगड मांडलेले. पाय केव्हा टेकवावा लागेल सांगता येत नाही. हेच पेडल ठेवू की बदलू? सराव कसा करू? उजवा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, हेही सांगून ठेवते.

उनाड_वऱ्हाडी
ताई, कायले जिवाले घोर लावून घेता? साध्या पेडलवर २०० आरामात होते. साडेतेरा तास भेटते ना बाप्पा! लोकं सँडल घालून ब्रेव्हे करून राहिले. त्या पैशात दोन चांगले टायर घ्या, बाभळीच्या काट्यानं पंक्चर झाल्यावर आठवण येईन माही.

गिअर_मास्तर
उनाडभाऊ म्हणतात ते खोटं नाही, पण ताईंनी विचारलंय वेगळं.

आधी त्या लाल क्लीटचं बघा. शिमानोत रंगावरून कळतं: लाल म्हणजे शून्य अंश, अडकलेला पाय जरासाही वळत नाही. निळा २ अंश, पिवळा ६ अंश. नव्याने शिकताना, त्यातून गुडघा कुरकुरत असताना, लाल नकोच. (भाची शर्यतीतली दिसते.) पिवळे लावले तर पेडल हेच चालतील. पेडलच्या मागे छोटा अ‍ॅलन स्क्रू असतो, तो वजाच्या दिशेने पुरता सैल करा, दोन्हीकडे सारखा.

सरावाला सायकल भिंतीला लागून उभी करा, सीटवर बसा, एक हात भिंतीला. पाय घालताना बोटं पुढे सरकवून क्लीटचं नाक पेडलमध्ये अडकवायचं, मग चवड्याने दाबायचं. खट्ट आवाज येतो. काढताना टाच बाहेर ढकलायची, सायकलपासून लांब. पाय वर ओढायचा नाही. घाबरलेला माणूस नेमका वर ओढतो आणि पाय तिथेच राहतो. पेडल खालच्या टोकाला असताना काढणं सोपं जातं. गप्पा मारता मारता, खाली न बघता जमेपर्यंत हेच करत राहा, दोन्ही पायांनी.

मग शाळा सुटल्यावर मैदान आहेच. फक्कीने रेघ मारा आणि रेघेवर थांबा. थांबण्याआधी गिअर हलका, मग पाय मोकळा, मग ब्रेक. क्रम हाच. निघताना एक पाय अडकवून जोर द्यायचा, दुसरा पेडलवर नुसता ठेवून दोन-चार फेरे मारले तरी चालतं. तो अडकवायच्या घाईत लोक खाली बघतात आणि हँडल हलतं.

रस्त्यावर आलात की एवढंच: शेळी दिसली की पाय मोकळा. शेळीचं काय ठरतं याची वाट बघायची नाही.

परतवाडेकर
मास्तरांचं सगळं बरोबर. त्यात एक गोष्ट घालतो, जी शहरातले शिकवणारे सांगत नाहीत. सगळे म्हणतात डावा पाय टेकवा, कारण गाड्या उजवीकडून जातात. पण आपल्या जिल्हा मार्गांची साइडपट्टी बघितलीत का? डांबराची कड तुटलेली आणि मुरूम वीतभर खाली बसलेला. तुम्ही डावा पाय टाकता आणि पायाखाली जमीनच नसते. तोल गेला तो गेला. म्हणून कडेला चिकटून थांबू नका, हातभर आत थांबा. नाहीतर किलोमीटरचा दगड गाठून त्याच्यावर पाय ठेवा, ते सगळ्यात बेस. आणि मागून काही येत नाही ना बघून उजवा पाय डांबरावर टेकवता आला पाहिजे, म्हणून दोन्ही पायांचा सराव.

दुसरं म्हणजे काळी माती. परतीचा पाऊस झाला आणि तुम्ही पांदणीत एकदा उतरलात की तो रुंद क्लीट मातीने थापला जातो, मग काही केल्या अडकत नाही. जुनी स्पोक वाकवून खिशात ठेवा, खरवडायला. चालताना क्लीटवर रबरी टोपण घाला, नाहीतर ते प्लास्टिक डांबरावर झिजतं.

माझ्या मते बदलाच. दोन बोल्टचा साधा एसपीडी घ्या, माउंटन बाइकवर असतो तो. त्याचा क्लीट धातूचा, लहान, बुटाच्या तळव्यात आत बसतो, त्यामुळे टपरीपर्यंत माणसासारखं चालता येतं. शिमानोच्या ईएच५०० ला एका बाजूने एसपीडी, दुसऱ्या बाजूने चपटा. गावातून चपट्या बाजूने जा, फाट्यावर लागलात की अडकवा. सोबत एसएच५६ क्लीट लावा, तो एकाच नाही तर बऱ्याच दिशांनी सुटतो. चिखलदऱ्याचा घाट मी यावरच चढतो, काही अडत नाही.

वेगवेडा
रोड बाइकला डोंगरी पेडल? अरे देवा. बर्नार्ड इनोने १९८५ ची टूर द फ्रान्स लूकच्या पेडलवर जिंकली, तेव्हापासून रस्त्यावर हाच प्रकार. लूक मूळची बर्फावरच्या स्कीचे बंध बनवणारी कंपनी, म्हणून तर पाय वळवला की सुटतो. रुंद क्लीटवर चवड्याला आधार मिळतो, आठ-नऊ तासांनंतर फरक कळतो. शेळ्यांचा त्रास असेल तर सरळ समृद्धीवर सराव करा, रस्ता कसा लोण्यासारखा.

परतवाडेकर
समृद्धीवर मोटरसायकललाही बंदी आहे हो, सायकल कुठली. आणि इनोच्या वाटेत कुणी सोयाबीन वाळवत नव्हतं.

गुडघा_डॉक्टरीण
मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून तेवढ्यापुरतंच. ताई, टेबलावर बसा, पाय मोकळे लोंबू द्या आणि पावलं आपोआप कुठल्या कोनात राहतात ते बघा. बहुतेकांची थोडी बाहेर वळतात. क्लीट त्याच कोनात लावा, सरळ रेषेचा हट्ट नको. पुढे-मागे बघायचं तर चवड्याच्या हाडाखाली किंवा किंचित मागे. नव्या बुटांनी पायाची उंची बदलते, तेव्हा सीटही पुन्हा तपासा. दुखायला लागलं तर एका वेळी एकच गोष्ट बदला, तीही जराशीच, नाहीतर कशाने बरं वाटलं ते कळत नाही. आठवडाभर दुखणं राहिलं तर इथे विचारू नका, दाखवायला जा.

आणि तोल गेलाच तर हँडल घट्ट धरून ठेवा. हात पुढे केला की मनगट जातं. माझ्याकडे येणाऱ्यांत पडलेल्यांपेक्षा हात टेकवलेले जास्त.

गिअर_मास्तर
राहून गेलं: क्लीटचे बोल्ट ४ मिमीच्या अ‍ॅलनने, ग्रीस लावून, ५ ते ६ न्यूटन मीटर. पहिल्या फेरीनंतर पुन्हा आवळा. बोल्ट ढिला झाला की टाच फिरते, क्लीट मात्र पेडलमध्येच राहतो. गाडी थांबलेली, बूट फिरतोय आणि पाय सुटत नाही, ही वेळ कुणावर येऊ नये.

खडू_आणि_चेन
सगळ्यांचे आभार. लाल क्लीट काढून ठेवले. परतवाडेकर दादांचं ऐकून एका बाजूने चपटा असलेला एसपीडी मागवतेय, ब्रेव्हे झाली की पिवळे लावून पुन्हा बघू. उनाडभाऊ, टायरचंही मनावर घेतलंय. आता नवी अडचण: उजवा पेडल पान्याने निघाला, डावा काही हलत नाही. आमच्या सायकलवाल्याने पाना टाकून पाइप घातला, तरी नाही.

गिअर_मास्तर
थांबवा त्यांना! डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. ते आवळत बसलेत. घड्याळाच्या दिशेने फिरवायला सांगा म्हणजे सुटेल. नवा बसवताना आट्यांना ग्रीस लावा आणि पहिले फेरे हातानेच घाला. अ‍ॅल्युमिनियमच्या क्रँकमध्ये तिरका गेला तर क्रँकच बदलावा लागेल.

उनाड_वऱ्हाडी
पाइप घातला म्हणते! ताई, आधी क्रँकचे आटे तपासून घ्या, मंग पेडल मागवा.