जनुक बदललेले डास आणि पोल्ट्रीतलं टेट्रासायक्लिन: जाणकारांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

जालना जिल्ह्यात आमची पोल्ट्री आहे. पावसाळा सरत आला की गावात डेंग्यूचे पेशंट निघतातच. धूरफवारणी होते, हौदात गप्पी मासे सोडतात, आशाताई कोरडा दिवस पाळायला सांगतात. पण नळाला आठवड्याने पाणी आल्यावर ड्रम कोरडा ठेवणार कोण?

म्हणून ऑक्सिटेक या ब्रिटिश कंपनीच्या जनुक बदललेल्या डासांबद्दल वाचतोय. २०१७ मध्ये आमच्याच जिल्ह्यात, दावलवाडीला, त्यांच्या पिंजऱ्यातल्या चाचण्या सुरू झाल्या होत्या. सोडायचे फक्त नर, ते चावत नाहीत. त्यांच्यात घातलेल्या जनुकामुळे पिलावळीत एक प्रथिन साचत जातं आणि अळीचा डास होण्याआधीच ती मरते. पैदास करताना मात्र पाण्यात टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक घालतात, म्हणजे ते जनुक गप्प बसतं.

घोडं पेंड खातंय ते इथेच. पक्ष्यांना घुरघुर लागली की आम्ही टाकीत त्याच गटातल्या ऑक्सिटेट्रासायक्लिनची पावडर कालवतो. ड्रिंकर धुतलेलं पाणी शेडमागच्या टायरांत, फुटक्या घमेल्यांत साचतं आणि अळ्या नेमक्या तिथेच वळवळतात. ऑक्सिटेकचे डास सोडले तर त्यांच्या अळ्या त्यात जगतील का? की उन्हाने औषध आधीच निकामी होतं? किती अंश पुरतो?

शंका अगदीच हवेतली नसावी. अमेरिकेतल्या फ्लोरिडा कीज बेटांवर २०२१ ला डास सोडले तेव्हा असं औषध असू शकेल अशा जागा, म्हणजे व्यावसायिक गोठे, पोल्ट्री, लिंबूवर्गीय बागा आणि सांडपाणी केंद्रं यांच्यापासून ५०० मीटर लांब राहायची अट होती. आमच्याकडे ५०० मीटरच्या आत काही ना काही येणारच, वर सगळीकडे मोसंबी! तिथल्या नव्या वाणात फक्त माद्या मरतात, नर ते जनुक काही पिढ्या पुढे नेतात. एखादी मादी औषधावर तगली तर साध्या डासापेक्षा वेगळा धोका आहे का?

डासांच्या शरीरात वोलबाकिया हा जिवाणू सोडतात, त्याचंही कोणी सांगा. इंडोनेशियातल्या योग्यकार्तात त्याने डेंग्यू ७७ टक्क्यांनी घटला, पुदुच्चेरीच्या आयसीएमआर केंद्रानेही तसे डास तयार केलेत. जनुकात ढवळाढवळ नाही हे बरं, पण वोलबाकिया पडला जिवाणू. प्रयोगशाळेत तो टेट्रासायक्लिननेच काढून टाकतात म्हणे. मग आमच्या टायरांत त्याचा कसा निभाव लागणार?

कीटकशास्त्रातलं किंवा हिवताप विभागातलं कोणी असेल तर प्लीज लिहा. बिल गेट्सचे फॉरवर्ड नकोत, ते गावच्या ग्रुपवर रोज येतात. साचलेल्या पाण्यातलं औषध तपासून मिळतं का, नमुना कुठे द्यायचा, हेही कळलं तर बरं होईल.