पांढरं फुलपाखरू पोट वर करून का बसतं?

खुर्चीवाली
गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे फिरणं बंद, म्हणून आठ दिवस कुरणाच्या कडेला खुर्ची टाकून बसतेय. एरवी मी कॅमेरा घेऊन फुलपाखरांमागे धावायचे आणि घरी येऊन बघावं तर फोटोत नुसती रिकामी फुलं. आता मला हलता येत नाही, तर तीच जवळ येतात. एक निळं तर गुडघ्याच्या पट्टीवरच बसलं!

प्रश्न असा. काल क्लोव्हरच्या फुलावर एक पांढरं (काळ्या ठिपक्यांचं, कोबीवर दिसतं ते) पंख सपाट पसरून बसलं, पोटाचं टोक सरळ आभाळाकडे. वर तसलंच दुसरं फडफडत होतं. म्हटलं, जमली जोडी. पण जरा वेळाने वरचं निघून गेलं आणि खालचं काही झालंच नाही अशा थाटात मध प्यायला लागलं. हे काय होतं?

माळावरचा
जमली नाही, फिसकटली. खालची मादी, बहुधा आधीच मिलन झालेली. पोट वर उचललं की नराला जुळताच येत नाही. एवढ्यावर ऐकलं नाही तर ती त्याला घेऊन उंच जाते आणि एकदम खाली झेप घेऊन गवतात गडप होते.

अळीपालक
यात वासाचीही भानगड आहे. याच्याच जवळच्या पिएरिस नेपी या जातीत नर मिलनाच्या वेळी मादीला मिथिल सॅलिसिलेट देऊन जातो, म्हणजे मागून येणाऱ्या नरांनी नाद सोडावा. हे संशोधन 2000 साली प्रसिद्ध झालं. दुखऱ्या सांध्यांवर चोळायच्या मलमाला जो वास येतो, तो याच रसायनाचा.

खुर्चीवाली
अगं बाई! म्हणजे माझा दुसरा गुडघा रोज नरांना हाकलतोय?

माळावरचा
ताई, पट्टीवरचं निळं घामातलं मीठ चोखत असणार. हा उद्योग बहुतेक नरच करतात, तेव्हा काळजी नसावी. खुर्ची मात्र अशी ठेवा की तुमची सावली फुलांवर पडणार नाही. सावली सरकली की सगळी उडतात. आणि फार लवकर जाऊ नका, अंग तापल्याशिवाय त्यांना नीट उडता येत नाही. पंख उघडून ऊन खात बसलेली असतात तेव्हा.

खुर्चीवाली
आजचा हिशेब: नकार 4, होकार 0. एक जोडी गिरक्या घेत इतकी वर गेली की बघता बघता मान अवघडली. आता मानेलाही मलम.