सेल्फ ड्राइव्ह गाडीचं डिपॉझिट खाल्लं, वर 6,400 मागतायत. भरू का?

दांडियाबाजारची_लेक
आई-बाबा आणि आत्याला घेऊन केवडियाला गेले होते, वाटेत गरुडेश्वरला टेंबे स्वामींच्या समाधीचं दर्शन वगैरे, रविवारी रात्री साडेनऊला बडोद्यात अकोट्याला गाडी परत दिली. त्यांच्या पोराने मोबाइलच्या टॉर्चने एक चक्कर मारली, ‘बराबर छे बेन’ म्हणाला आणि गेला. मंगळवारी मेल आला, 5,000 डिपॉझिट कापलं आणि अजून 6,400 भरा. मागच्या बंपरला ओरखडा 10,400, एक्स्ट्रा 42 किलोमीटरचे 630, फास्टॅग 370. किलोमीटर मान्य, फिरलोय तेवढं. पण ओरखडा आधीचाच आहे हो! निघताना काढलेला एक फोटो आहे फॅमिली ग्रुपवर, पण त्यात आत्या नेमकी बंपरला टेकून उभी, पदराच्या बाजूने ओरखड्याचं फक्त शेपूट दिसतंय. फोन केला की ‘सिस्टममध्ये असंच दाखवतंय मॅडम’. बाबा म्हणतात देऊन टाक, कोण डोकं लावणार.

कारेलीबाग_काका
अजिबात देऊ नकोस. आणि फोन बंद कर आधी, फोनवरचं नंतर कुणीच कबूल करत नाही, सगळं मेलवर. गाडी देतानाचे आणि परत घेतानाचे त्यांचे फोटो माग तारीख-वेळेसकट, आणि बंपरचं वर्कशॉपचं बिल माग. एस्टिमेट नाही, बिल. इन्शुरन्स क्लेम केलाय का तेही विचार, एकाच ओरखड्याचे दोन्हीकडून पैसे कसे घेतील? आणि तो ग्रुपवरचा फोटो पाठवू नकोस, व्हॉट्सअॅपवरून साधा पाठवलेला फोटो दाबला जातो आणि कधी काढला ती माहिती त्यातून उडते. ज्या फोनने काढला त्यातला ओरिजिनल शोध.
टोल कुठले लावलेत?

दांडियाबाजारची_लेक
आत्ता नीट बघितलं काका. एक वासदचा आहे, सोमवारी सकाळी 7:12!!

कारेलीबाग_काका
वासद? अगं ते आणंदच्या रस्त्याला, केवडिया दुसऱ्या टोकाला. आणि सोमवारी तर गाडी त्यांच्याकडेच होती. फक्त एक बघ, फास्टॅगचे पैसे कधीकधी उशिरा कापले जातात म्हणून मेसेजची वेळ धरू नको, स्टेटमेंटमध्ये गाडी प्लाझावरून गेल्याची वेळ असते ती माग.

चाकं_चार
मी अशा एका ठिकाणी दीड वर्ष होतो (नाव नाही घेत). बंपर रंगवायला कुणी घाईने पाठवत नाही, गाडी दुसऱ्या दिवशी पुन्हा बुकिंगवर, तोच ओरखडा पुढच्याच्या बिलात. म्हणून बिल मागितलं की गप्प होतात. 630 मात्र मान्य आहेत असं मेलमध्ये स्वतःहून लिही, ते डिपॉझिटमधून कापा आणि बाकीचे 4,370 परत करा. सगळंच नाकारलंस तर तूच खोटी वाटशील.

रावपुरा_वकीलवाडी
मेलला उत्तर आलं नाही तर 1915 ला तक्रार नोंदव, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, फुकट. बऱ्याच कंपन्या तिथेच नरमतात. नाही नरमल्या तर ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकता येते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागत नाही, मुदत 2 वर्षं. आणि अटींमध्ये ‘वाद बेंगळुरूच्या कोर्टातच’ असं लिहिलं असेल तर घाबरू नको, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तू राहतेस तिथे म्हणजे बडोद्यालाच तक्रार करता येते. डिपॉझिट कार्डाने दिलं असेल तर बँकेत डिस्प्यूटही टाक, पण लगेच, त्याला मुदत असते.

दांडियाबाजारची_लेक
अपडेट. ओरिजिनल आत्याच्याच फोनमध्ये निघाला, शनिवार सकाळ 6:48, शिवाय मागचा-पुढचा एकेक फोटो आहे ज्यात ती बाजूला झालीय आणि ओरखडा पूर्ण दिसतोय. काल मेल टाकला. वासदचा टोल तासाभरात काढला, ‘टेक्निकल एरर’ म्हणे. बंपरवर अजून गप्प आहेत, सोमवारपर्यंत थांबते मग 1915.
आत्याचं वेगळंच, कोर्टात फोटो दाखवणार असाल तर पहिला नको, त्यात डोळे मिटलेत.