शब्दचर्चा: ‘बिंदू’ म्हणजे पॉइंट की पिक्सेल?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर)
ओळखीच्या एका चपलांच्या दुकानासाठी आयफोनचं ॲप करतेय. कोल्हापुरी चपलेच्या फोटोवर किमतीची पट्टी कोडनंच काढते आणि दोन्हीचं मिळून एक चित्र तयार करते. आकार दिलाय 120 बाय 80. फोनवर चपलेची वेणी धुरकट दिसते, किमतीचे आकडेही कडेला विरघळल्यासारखे. माझ्या मराठी टिपणांत पॉइंटलाही ‘बिंदू’ आणि पिक्सेललाही ‘बिंदू’च लिहिलंय. मग हे 120 बिंदू नेमके कुठले?

शाहूपुरीहून
ताई, ते पॉइंट. चित्र कुठं आणि केवढं काढायचं, याचं ते माप. पिक्सेल म्हणजे पडद्यावरचा खराखुरा ठिपका. सुरुवातीच्या आयफोनांवर दोन्ही जुळत होते, 320 बाय 480. 2010 साली आयफोन 4 आला तेव्हा पडदा तेवढाच राहिला, पिक्सेल मात्र 640 बाय 960 झाले. पॉइंट तेवढेच ठेवले, नाहीतर जुनी ॲप्स पाव पडद्यात आक्रसून बसली असती.

तुमच्या फोनचं स्केल, म्हणजे एका पॉइंटच्या लांबीत बसणारे पिक्सेल, 3 असेल तर 120 बाय 80 पॉइंटांना 360 बाय 240, म्हणजे 86,400 पिक्सेल लागतात. चित्र तयार करायला ‘यूआयग्राफिक्सबिगिनइमेजकॉन्टेक्स्ट’ हे जुनं फंक्शन वापरत असाल, तर ते स्केल 1च धरतं. चित्र 9,600 पिक्सेलांतच तयार होतं आणि त्यातला एकेक नऊ ठिपक्यांवर ताणला जातो. आकडे विरघळतात ते इथं. ‘यूआयग्राफिक्सइमेजरेंडरर’ वापरा, ते पडद्याचं स्केल आपोआप घेतं. मूळ फोटोत मात्र तेवढे पिक्सेल हवेत.

छपाईतल्या एका काकांकडून
आमच्याकडं पॉइंट म्हणजे इंचाचा 72वा भाग. लग्नपत्रिकेत नावं 36 पॉइंटात घे म्हटलं की अक्षराला अर्धा इंच जागा धरायची. पॉइंटला ‘बिंदू’ म्हटलेलं छापखान्यात कधी ऐकलं नाही. मोबाइलचा पॉइंटही तेवढाच का?

शाहूपुरीहून
नाही काका, त्याचं इंचाशी पक्कं नातं नाही. आयफोन 4 वर इंचात 326 पिक्सेल, स्केल 2, म्हणजे 163 पॉइंट. रेटिना, म्हणजे दाट पिक्सेलांच्या पडद्याच्या आयपॅडवर इंचात 264 पिक्सेल, स्केल तेच, म्हणजे 132 पॉइंट. त्यामुळं 44 पॉइंटांचं बटण फोनवर जेमतेम 7 मिलिमीटर भरतं, आयपॅडवर साधारण साडेआठ.

मंगळवार पेठेतून
‘बिंदू’ हा शब्द तिसऱ्याच गोष्टीला हवाय, तो असा उधळू नका. भूमितीत बिंदूला लांबी-रुंदी नसते, फक्त जागा असते. कोडमधला ‘सीजीपॉइंट’ अगदी तसाच. बिंदू (10, 20) म्हणजे डाव्या वरच्या कोपऱ्यापासून 10 पॉइंट उजवीकडं आणि 20 पॉइंट खाली. या वाक्यात दोन्ही जागी ‘बिंदू’ घातला तर शिकणाऱ्या पोरांनी काय समजायचं? माझं ठाम मत: जागेला बिंदू, मापाला पॉइंट, ठिपक्याला पिक्सेल. ‘चित्रबिंदू’ लिहायचं तर तो फक्त पिक्सेलसाठी.

राजारामपुरीहून
रेंडरर लावला, वेणीचा पीळन् पीळ सुटा दिसतोय! आता पट्टीखालची रेघ जाड वाटते. रुंदी 1 दिलीय.

शाहूपुरीहून
ती 1 पॉइंट, म्हणजे तुमच्या पडद्यावर 3 पिक्सेल. एकाच पिक्सेलची हवी तर 1 ला स्केलनं भागा. शिवाय रेघ दिलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना निम्मी-निम्मी पडते. जागा बरोबर दोन पिक्सेलांच्या सीमेवर आली तर दोन्ही अर्धवट रंगतात आणि रेघ फिकट, रुंद दिसते. म्हणून तिची जागा अर्ध्या पिक्सेलनं सरकवा, तुमच्या स्केलला एक षष्ठांश पॉइंट.

मंगळवार पेठेतून
दुकानाची वेबसाइट करणार असाल तर आणखी एक. वेबपानाची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएसमधला ‘पीएक्स’ नावानं पिक्सेल असला तरी वागतो पॉइंटसारखा. 3 स्केलच्या फोनवर 120 पीएक्स रुंदीच्या फोटोला तिथंही 360 पिक्सेलच लागतील.