शब्दचर्चा: ‘सेल सिग्नलिंग पाथवे’ आणि ‘फॉस्फोरिलेशन’ (संदर्भ: अल्झायमर)

प्रश्न: अल्झायमरवरच्या एका मराठी लेखात ‘सेल सिग्नलिंग पाथवे’ला ‘संदेशवहन मार्ग’ म्हटलंय आणि ‘फॉस्फोरिलेशन’ला सगळीकडे ‘सक्रिय होणं’. चालेल का?

— पहिलं ओढूनताणून चालेल, दुसरं अजिबात नाही.

शाळेपासून ‘संदेशवहन’ म्हटलं की एका चेतापेशीकडून दुसरीकडे जाणारा संदेश डोळ्यांपुढे येतो. इथे बराचसा मामला एकाच पेशीच्या आतला आहे. म्हणून ‘पेशीअंतर्गत संकेतमार्ग’. पहिल्यांदा पूर्ण लिहा, पुढे नुसतं ‘संकेतमार्ग’.

फॉस्फोरिलेशन म्हणजे प्रथिनातल्या सेरीन, थ्रिओनीन किंवा टायरोसीन या अमिनो आम्लांवर फॉस्फेट बसणं, बास. त्याने प्रथिन चालू होणार की बंद, हे फॉस्फेट कुठल्या जागी बसला यावर ठरतं. इन्शुलिन पेशीवरच्या ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटलं की संकेत पीआय३के या विकरामार्गे (एन्झाइममार्गे) एकेटीपर्यंत येतो. एकेटी हे विकर जीएसके-३ बीटा या दुसऱ्या विकराच्या ९ क्रमांकाच्या सेरीनवर फॉस्फेट बसवतं आणि जीएसके-३ बीटा थंडावतं. पेशी इन्शुलिनला दाद देईनाशी झाली की हा लगाम सुटतो आणि जीएसके-३ बीटा टाऊ प्रथिनावर फॉस्फेट चढवत सुटतं. आता इथे ‘फॉस्फोरिलेशन’च्या जागी ‘सक्रिय’ घालून बघा, सगळी साखळी उलटी वाचली जाते. गंमत म्हणजे याच विकराच्या २१६ क्रमांकाच्या टायरोसीनवरचा फॉस्फेट त्याला चालना देतो.

— मग ‘हायपरफॉस्फोरिलेटेड टाऊ’ला ‘अतिसक्रिय टाऊ’ म्हणणारे तर दुप्पट चुकतात. फॉस्फेट वाढले की टाऊची चेतापेशीतल्या सूक्ष्मनलिकांवरची (मायक्रोट्यूब्यूल्सवरची) पकड सुटते, म्हणजे नेहमीचं काम बंदच पडतं. ‘अतिफॉस्फोरिलित’ बोजड आहे खरं, पण अचूक आहे. यातला ‘अति’ गाळू नका: निरोगी मेंदूतही टाऊच्या एका रेणूवर सरासरी २ ते ३ फॉस्फेट असतात, अल्झायमरमध्ये ८च्या आसपास. आणि दोष एकट्या काइनेजचा, म्हणजे फॉस्फेट बसवणाऱ्या विकराचा, नाही, फॉस्फेट उतरवणारं पीपी२ए हे विकरही मंद पडलेलं असतं.

— निष्कर्ष मराठीत लिहिताना हाच घोळ होतो. वेस्टर्न ब्लॉटवर (नमुन्यातलं ठरावीक प्रथिन पट्टीच्या रूपात दाखवणारी चाचणी) फॉस्फो-सेरीन-९ची, म्हणजे ९ क्रमांकाच्या सेरीनवर फॉस्फेट असलेल्या जीएसके-३ बीटाची, पट्टी गडद दिसली की ‘जीएसके-३ बीटा वाढलं’ असं लिहितात. खरं तर ते दबलेलं असतं. पट्टी फिकी आली तरी लगेच उलटा निष्कर्ष नको. ऊतक बर्फावर न ठेवता कुटलं किंवा बफरमध्ये सोडियम फ्लोराइड घालायचं राहिलं तर फॉस्फेटेज विकरं सेरीन-थ्रिओनीनवरचे फॉस्फेट तिथल्या तिथे उतरवतात (टायरोसीनसाठी ऑर्थोव्हॅनाडेट लागतं). शेजारी एकूण जीएसके-३ बीटाची पट्टी नसेल तर ‘वाढलं’, ‘घटलं’ हे शब्द वापरूच नयेत. ब्लॉटच्या मेम्ब्रेनवरच्या (पटलावरच्या) मोकळ्या जागा झाकायला, म्हणजे ‘ब्लॉक’ करायला, दुधाची पावडरही टाळलेली बरी, त्यातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रथिन, म्हणजे फॉस्फेट असलेलं प्रथिन, आहे.

— ‘सिक्रिटेज’चं ‘स्रावक’ केलेलं वाचलं. ते विकर स्रवत काही नाही, कापतं. कापल्यावर एपीपी या पेशीपटलातल्या प्रथिनाचा पेशीबाहेरचा तुकडा सुटतो, त्यावरून ते नाव पडलं. बीटा आणि मग गॅमा सिक्रिटेजने कापलं तर अमायलॉइड बीटा तयार होतं. अल्फा सिक्रिटेजचा काप मात्र अमायलॉइड बीटाच्या भागातच मधोमध पडतो, म्हणून ते तयारच होत नाही. ‘सिक्रिटेज’ तसंच ठेवा, क्रियापद ‘कापणं’.

— एक राहिलं. ‘प्लाक’ आणि ‘टँगल’ दोन्हींना ‘गाठी’ म्हणू नका. अमायलॉइडचे साठे पेशींच्या बाहेर असतात, टाऊचे गुंते चेतापेशीच्या आत. ‘साठे’ आणि ‘गुंते’ असे दोन वेगळे शब्द ठेवले की कुठला संकेतमार्ग कशाशी जोडलाय ते वाचकाला कळतं.